चोपडी कुणाच्या घरात?

सोयरिकीला आलेली जुनी माणसं चहा घेण्याआधी घरामागं एक चक्कर मारायची. उकिरडा केवढा, दावणीला जनावरं किती, विहिरीला चैतात पाणी टिकतं का, कणगी भरलेली वाजते की रिकामी, एवढं नजरेखालून घातलं की घराची पत त्यांना कळायची. उकिरडा मोठा म्हणजे जनावरं जास्त, खत जास्त अन् रान कसदार. हिशेब खोटा नव्हता. पण त्यात एक गोष्ट दिसत नसे, ती म्हणजे देणं. ते असायचं सावकाराच्या चोपडीत, अन् चोपडी असायची सावकाराच्या घरात.

आमच्या भीमथडीत या न दिसणाऱ्या देण्यानं 1875 साली पेट घेतला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारानंही हात सैल सोडला. लढाई संपली, भाव पडले. त्यातच जमिनीची फेरपाहणी होऊन सारा वाढला. सारा भरायला कर्ज अन् कर्ज फेडायला पुन्हा कर्ज, असं चाक सुरू झालं.

त्यात कायद्यानं उलटीच गंमत केली. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या रोख्यावर दावा करायला 3 वर्षांची मुदत घातली. हेतू असा, की जुनं देणं कुळाच्या मानेवर जन्मभर बसू नये. सावकारानं काय करावं? दर 3 वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यावा. महिना शेकडा 2 रुपये व्याज धरा. 100 रुपयांचे 3 वर्षांत 172 झाले. आता 172 हेच मुद्दल. आणखी 3 वर्षांनी 296 च्या घरात. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा आपला जुना दामदुपटीचा नियम. पण दर वेळी व्याजच मुद्दल होऊन बसलं, तर दामदुपट कुठून मोजणार? कुळानं अंगठा उठवला, तेव्हा त्याच्या मनात 100 चाच आकडा होता.

12 मे 1875 ला सुप्यात लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले, अन् ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पोचलं. लोकांना हवे होते रोखे अन् हुकूमनामे. कागद हाती आले, त्यांची होळी झाली. सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले, तिथं त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. ज्यात आपलं सगळं लिहिलंय पण आपल्याला वाचता येत नाही, तो कागद माणसाला केवढा भिववतो, हे त्या होळीवरून कळतं.

सरकारनं चौकशी नेमली, अन् 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या 4 जिल्ह्यांना तो लागू झाला. रोख्याच्या मागं जाऊन मूळ व्यवहार काय होता, हे कोर्टानं पाहावं असं ठरलं. त्याहून मोलाचं म्हणजे भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब अन् मागितलं तर पासबुक, हा कुळाचा हक्क झाला.

हक्क झाला, पण मागायचा कुणी? आमच्या आज्याचं 3 एकर रान गहाण होतं. दरसाल भुईमूग अन् जोंधळा तो सावकाराच्या दारात नेऊन घालायचा. पावती कधी मागितली नाही. "किती राह्यलं?" असं विचारलं की उत्तर यायचं, "हाय अजून." त्या दोन शब्दांवर त्याचं आयुष्य सरलं.

1904 मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला खरा. पण 1951-52 साली रिझर्व्ह बँकेनं देशभर पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के निघाला. सावकारांचा 70 च्या जवळ. वडील सोसायटीचे सभासद झाले, ते त्यानंतर. तिथं पासबुक मिळालं. ते देव्हाऱ्याच्या फळीवर असायचं, हळदीकुंकवाचे डाग पडलेलं. दर मार्चला 'नवं-जुनं' व्हायचं. म्हणजे कुणाकडून तरी पंधरा दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीचं भरायचं, नवं कर्ज काढायचं अन् त्यातून उसनं फेडायचं. कागदावर आम्ही नियमित. घरात मात्र देणं तेवढंच, वर पंधरा दिवसांचं व्याज. दर 3 वर्षांचा तो जुना रोखाच जणू दरसाल यायला लागला.

1972 च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. हजेरीपटावर आपले दिवस किती लागले, हे ती बोटांवर मोजून मुकादमाला सांगायची. त्या सवयीनं असेल, पुढच्या पाडव्याला तिनं मला वही घेऊन बसवलं. म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरा म्हणत्यात. आधी अंथरूण तरी मोजू."

चार ओळी लिहायच्या. घरात दाणा किती महिने पुरेल. कुणाकडून येणं किती. कुणाचं देणं किती. अन् प्रत्येक देण्याला वर्षाचं व्याज किती. या चौथ्या ओळीनं घर हललं. सोसायटीचे 1500 रुपये वडिलांच्या उरावर होते. त्यांचं वर्षाचं व्याज निघालं 180. गावातल्या एकाकडून घेतलेले 400 कुणाच्या खिजगणतीत नव्हते. महिना शेकडा 5 नं त्यांचं व्याज 240 झालं होतं!

"म्हंजे बारकं देनंच जास्त खातंय," आई म्हणाली. त्याच आठवड्याच्या बाजारात कालवड विकली अन् ते 400 आधी फेडले. वडिलांना कालवडीचं फार वाईट वाटलं. दोन दिवस ते आईशी बोलले नाहीत. त्यानंतर दर पाडव्याला वही उघडली. दाण्याची ओळ 5 महिन्यांवरून 9 वर जायला सहा वर्षं लागली. थोरल्या बहिणीचं लग्न त्या वहीत बसेना, तेव्हा वरात, बँड अन् एक गावजेवण कमी केलं. भावकी हसली. रान मात्र पुन्हा गहाण पडलं नाही.

आता गावात बायकांचे बचत गट आहेत. महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीची बचत, कर्ज, हप्ता मोठ्यानं वाचला जातो. जिला अक्षर येत नाही, तीही ऐकते, अन् आकडा चुकला तर मधेच थांबवते. दिवाळीला व्यापारी वहीची पूजा करतो, पोळ्याला शेतकरी बैलाची. बैल पुजावाच. पण घरात एक वही असावी, ती घरच्यानं लिहिलेली असावी, अन् वर्षातून एकदा सगळ्या घरासमोर वाचली जावी.