शोष, सहासन आणि शाळा

संसर्गानें रोग पसरतो ही कल्पना आमच्या पूर्वजांस होती कीं नव्हती, या वादांत सुश्रुतसंहितेंतील एक स्थल वारंवार पुढें आणिलें जातें. निदानस्थानाच्या पांचव्या अध्यायाच्या अखेरीस सांगितलें आहे कीं, अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येवर वा आसनावर बसणें, दुसऱ्याचीं वस्त्रें, माळा व लेप वापरणें यांमुळें कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद इत्यादि रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात. शोष म्हणजेच राजयक्ष्मा, हल्लींचा क्षय. स्थल प्रसिद्ध आहे. परंतु तें कोठें आलें आहे इकडे फारसें कोणी पाहात नाहीं. हा अध्याय कुष्ठाचा आहे. माधवनिदानांतहि हें वचन कुष्ठप्रकरणांतच उतरलें आहे. शोषाचा स्वतंत्र अध्याय उत्तरतंत्रांत असून, तेथें चरकाप्रमाणेंच साहस, वेगरोध, धातुक्षय व विषमाशन या जातीचीं कारणें दिलीं आहेत. संसर्गाचें नांव नाहीं. तेव्हां सुश्रुतास जंतु ठाऊक होते असें म्हणणें हें ग्रंथावर प्रेम करणें असेल, ग्रंथ वाचणें नव्हे.

या विभागणीचा परिणाम लहान नाहीं. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें क्षयानें वारले, तेव्हां त्यांचें वय अवघें सत्तावीस होतें. त्यांच्या दुखण्याविषयीं इतिहासकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे. पण त्या वेळच्या वैद्यकाच्या चार कारणांत ‘हा रोग कोणापासून आला’ हा प्रश्नच बसत नव्हता. जो प्रश्न बसत नाहीं त्याचें उत्तर दफ्तरांत तरी कोठून सांपडावें?

सफाळ्याच्या परिसरांत आम्हीं मुलांस संस्कृत शिकविलें, त्या काळीं वरील वचन फळ्यावर कैक वेळां लिहिलें. समोर एकेका बाकावर चार चार मुलें दाटीनें बसत. एका मुलास क्षय ठरला तेव्हां त्यास मागील बाकावर एकटें बसविलें. थोड्याच दिवसांत तो शाळा सोडून गेला. यास आमची संमति होती. त्याच्या घरीं अथवा शाळेंत, आम्हां शिक्षकांपैकीं सुद्धां, आधींपासून कोण खोकत आहे हें विचारण्याचें मात्र आम्हांस सुचलें नाहीं.

आमचें चुकलें तें येथें. २४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें क्षयजंतूचा शोध जाहीर केला. पुढें १९०७ सालीं पिर्के व १९०८ सालीं मांतू यांनीं त्वचेवरील परीक्षा रूढ केल्या, आणि वरून निरोगी दिसणाऱ्या मुलांतहि जंतूंचा प्रवेश होऊन गेलेला असतो हें कळूं लागलें. लहान मुलाच्या फुप्फुसांत जंतु थोडे असतात, त्यास थुंकीहि क्वचित् पडते. म्हणून तें सहसा दुसऱ्यास रोग देत नाहीं. तें रोग घेतें, बहुधा मोठ्या माणसाकडून. संशोधकांच्या भाषेंत सांगावयाचें तर रोगी मूल हें मूळ पत्र नव्हे, नक्कल होय. नक्कल हातीं आली म्हणजे मूळ शोधावें, हें आपणांस कोणीं शिकवावयास नको होतें.

वयांत आलेल्या मुलांची गोष्ट निराळी. २००१ सालीं इंग्लंडांत लेस्टर येथील एका शाळेंत एका विद्यार्थ्यापासून पुष्कळांस संसर्ग झाला. तेथील ५३५ विद्यार्थ्यांच्या रक्तपरीक्षेंत असें आढळलें कीं, त्या रोग्याच्या जितकें जवळ व जितका वेळ राहणें घडलें, तितका संसर्ग अधिक. सुश्रुताचें ‘आसन’ येथें आठवल्यावांचून राहात नाहीं. मात्र वाहन श्वास होता, बाक नव्हे.

भारतांत १९५१ पासून बी.सी.जी. लसीची देशव्यापी मोहीम झाली, १९६२ सालीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि २०१२ पासून प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारास कळविणें बंधनकारक आहे. त्यापूर्वींच्या खेड्यांतील मुलांविषयीं साधनें कोठें आहेत? आमच्या मतें शाळांच्या जनरल रजिस्टरांत. तेथें शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना असतो. रोगाचें नांव लाजेनें लिहिलें नसेल, ‘प्रकृति बरी नाहीं’ एवढेंच असेल. पण तीच तारीख गांवच्या कोतवाल बुकांतील मृत्यूच्या नोंदींशीं ताडून पाहिली तर त्या घरांतील वडील माणूस वर्ष दोन वर्षें आधीं गेला कीं काय, हें कळण्याजोगें आहे. सफाळ्याचा तालुका पूर्वीं माहीम नांवानें ओळखला जाई, आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून निराळा झाला. म्हणून शोध दोन्हीं जिल्ह्यांत व दोन्हीं नांवांखालीं घ्यावा. पोथ्यांच्या संग्राहकांस अशीं रजिस्टरें रद्दींत दिसल्यास तीं उचलून ठेवावीं, पानें सुटीं करूं नयेत, आणि छापतांना कुळांचीं नांवें गाळावीं.