रानडुक्कर आणि श्वेतवाराह

भाद्रपद शुद्ध तृतीया. आमच्या शहापूर-मुरबाडकडे हा दिवस हरतालिकेचा, आणि उद्या येणाऱ्या गणपतीच्या धावपळीचा. हीच वराह जयंतीही असते, पण ती पंचांगातच राहते. याच दिवसांत भात पोसवू लागतं आणि शेतकरी रात्र रात्र जागून रानडुकरं हाकलत असतात. मुरबाडकडच्या एका ओळखीच्या काकांना मी म्हटलं, "काका, आज वराह जयंती." ते म्हणाले, "जयंती कसली? काल रात्री अख्खं खाचर लोळवलंय त्यांनी!"

मी हसलो खरा, पण प्रश्न मनात राहिला. ज्या जनावराच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्याचंच रूप देवाने का घ्यावं?

हिरण्याक्षाने पाताळात नेलेली पृथ्वी विष्णूने वराह होऊन सुळ्यावर उचलून आणली, ही पुराणातली कथा. शतपथ ब्राह्मणात मात्र ती फार साधी आहे. राक्षस नाही, युद्ध नाही. वीतभर पृथ्वी आणि तिला वर काढणारा एमूष नावाचा वराह. तो विष्णूही नाही, प्रजापती आहे.

पुढे राजांना ही कथा आवडली. इ. स. ४०० च्या सुमारास गुप्तांच्या काळात विदिशेजवळ उदयगिरीला भव्य वराह कोरला गेला. पाचव्या शतकात वाकाटकांच्या रामटेकलाही वराह आला. बदामीच्या चालुक्यांनी तर त्याला राजचिन्हच केलं. बुडती पृथ्वी आम्ही सावरली, असं त्यांना सांगायचं असणार.

पण बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरचा यज्ञवराह पाहिला आणि राजे विसरायला झालं. तो नुसता चार पायांवर उभा आहे. माणसाचं धड नाही, वीराचा आवेश नाही. अंगावरच्या झुलीवर मात्र विष्णूच्या छोट्या मूर्ती.

तिथे मला काकांचं खाचर आठवलं. रुतलेलं वर काढायचं तर चिखलातच उतरावं लागतं, आणि चिखलाचा संकोच नसलेलं रूपच देवाने निवडलं. गुडघाभर चिखलात आवणी करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. माझ्यासारख्या, बूट काढून बांधावर उभं राहणाऱ्याला मात्र सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी गणपती बसला. संकल्प सोडताना गुरुजी म्हणाले, "श्रीश्वेतवाराहकल्पे..." आपण सगळे ज्या कल्पात जगतो, त्याचं नावच वराहाचं! काकांनी डोळे मिटून पळीभर पाणी सोडलं.

रात्री आरती झाली आणि ते बॅटरी घेऊन पुन्हा शेताकडे निघाले.