प्रत्यावर्ती प्रवाहमापन

दिशा आवर्तीपणे बदलणाऱ्या विद्युत् प्रवाहाचे परिणामी, म्हणजे वर्ग-माध्य-मूळ मूल्य मोजण्याची क्रिया. विल्हेल्म वेबर यांनी १८४०च्या दशकात विकसित केलेला विद्युत् गतिमापक हे यातील आद्य उपकरण. चल-कुंडल मापकाचा (पहा : गॅल्व्हानोमीटर) काटा ५० हर्ट्‌झला सरासरी प्रेरणेअभावी शून्यावरच राहतो. एकदिशकारक (पहा) जोडल्यास तो सरासरी मूल्य दर्शवतो; म्हणून मापपट्टी १.११ने गुणून आखतात. हा गुणक केवळ ज्या-तरंगास लागू पडतो. चौरस तरंगाचे वाचन सुमारे ११ टक्के जास्त येते. संगणक, एलईडी दिवे यांच्या टोकदार स्पंदांचे मात्र बरेच कमी, आणि तारेवरील खरा भार लपून राहणे धोक्याचे असते. चल-लोह व विद्युत् गतिकीय मापकांत प्रेरणा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने हा दोष टळतो. तपयुग्म मापक (पहा : तपविद्युत्) उष्णता मोजतो, प्रमाणन प्रयोगशाळांत त्याद्वारे प्रत्यावर्ती प्रवाहाची तुलना एकदिश प्रवाहाशी करतात.