प्रोमिथियस–ग्राफाना जोडणी

चालू ॲप्लिकेशनची मापे गोळा करणारी प्रोमिथियस ही प्रणाली आणि त्या मापांचे आलेख दाखवणारे ग्राफाना हे साधन एकमेकांशी जोडण्याची पद्धत. दोन्ही मुक्तस्रोत आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या गरजांतून, वेगवेगळ्या ठिकाणी घडली. प्रोमिथियस आकडे गोळा करते, साठवते आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते. ग्राफाना मापांचा साठा स्वतःकडे ठेवत नाही. पडद्यावरचा प्रत्येक आलेख त्या त्या वेळी प्रोमिथियसला विचारून काढला जातो. जोडणी करायला पाचेक मिनिटे पुरतात. मात्र जोडल्यावर दिसणारा आलेख विश्वासार्ह आहे की नाही, हे दोन्ही टोकांना नोंदवलेल्या कालावधींच्या मेळावर ठरते. या नोंदीचा भर त्या मेळावर आहे, कारण चुका तिथेच होतात आणि त्या दिसत नाहीत.

इतिहास : प्रोमिथियसचे काम 2012 मध्ये बर्लिनच्या साउंडक्लाउड या संगीतसेवेत सुरू झाले. मॅट प्राउड आणि ज्युलियस व्होल्झ हे तिचे आरंभीचे कर्ते. दोघेही आधी गूगलमध्ये होते आणि तिथल्या बोर्गमॉन या अंतर्गत देखरेख प्रणालीचा त्यांच्यावर प्रभाव होता. साउंडक्लाउडचे एकसंध ॲप्लिकेशन तेव्हा लहान लहान सेवांमध्ये विभागले जात होते. सेवांच्या प्रती सतत जन्मत आणि मरत होत्या. आधीची स्टॅट्सडी आणि ग्राफाइट ही साधने ठरावीक नावांच्या ठरावीक यंत्रांसाठी ठीक होती, या धावपळीला ती अपुरी पडली. जानेवारी 2015 मध्ये प्रोमिथियसची जाहीर ओळख करून देण्यात आली. 2016 मध्ये ती क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनमध्ये दाखल झाली. कुबरनेटीसनंतर तिथे आलेला हा दुसरा प्रकल्प. नोव्हेंबर 2017 मधील 2.0 आवृत्तीत साठवणीचा गाभा नव्याने लिहिला गेला आणि 3.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली.

ग्राफानाची सुरुवात स्वीडनमधील तोर्केल ओडेगार्ड यांनी 2013 च्या अखेरीस केली. इलॅस्टिकसर्चसाठी असलेल्या किबाना 3 चा कोड घेऊन त्यांनी ग्राफाइटचे आलेख काढण्याचे सोपे साधन बनवले. ग्राफाइटची क्वेरी हाताने लिहिणे किचकट असे. ती माउसने रचता आली, तर देखरेख तज्ज्ञांपुरती न राहता सगळ्या टीमची होईल, ही त्यामागची दृष्टी होती. ती खरी ठरली. पुढे राज दत्त आणि अँथनी वुड्स यांच्यासह स्थापन झालेली रेनटँक ही कंपनी ग्राफाना लॅब्स या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रोमिथियसकडे तोवर प्रॉमडॅश नावाचा स्वतःचा डॅशबोर्ड होता. ऑक्टोबर 2015 च्या ग्राफाना 2.5 आवृत्तीत प्रोमिथियसचा डेटा सोर्स, म्हणजे तिच्याकडून मापे मागण्याची सोय, अंगभूत झाला, त्यानंतर प्रॉमडॅशची गरज संपली आणि तो प्रकल्प बंद करण्यात आला. स्वतःचे साधन मागे घेऊन दुसऱ्याचे चांगले साधन स्वीकारण्याचा तो निर्णय दोन्ही प्रकल्पांच्या हिताचा ठरला. प्रोमिथियसचा परवाना अपाची 2.0 आहे, ग्राफानाचा परवाना 2021 मध्ये अपाचीवरून एजीपीएल 3 वर गेला.

कार्यपद्धती : प्रोमिथियस स्वतः सेवांकडे जाऊन मापे ओढून आणते, या फेरीला स्क्रेप म्हणतात. प्रत्येक सेवा एका ठरलेल्या पत्त्यावर, बहुधा ‘मेट्रिक्स’ या मार्गावर, आपली सद्यस्थिती साध्या मजकुरात मांडून ठेवते. काही नमूद केले नसेल तर दोन फेऱ्यांत एक मिनिटाचे अंतर असते, मात्र सोबत मिळणाऱ्या नमुना कॉन्फिगमध्ये ते 15 सेकंद लिहिलेले असते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो महत्त्वाचा आहे. सेवेने उत्तर दिले तर ‘अप’ या मापाची किंमत 1 होते, दिले नाही तर 0. एखादी सेवा गप्प झाली हेसुद्धा अशा रीतीने एक मोजमाप बनते, आणि ओढून घेण्याच्या पद्धतीचा हा सर्वांत मोठा लाभ आहे. प्रत्येक फेरीत मिळालेल्या मापांच्या नमुन्यांवर वेळेचा शिक्का सहसा प्रोमिथियसच्या घड्याळाचा असतो, त्यामुळे एखाद्या सर्व्हरचे घड्याळ पुढे-मागे असले तरी आलेख बिघडत नाही.

नमुने स्थानिक डिस्कवर साठतात आणि वेगळे सांगितले नाही तर 15 दिवसांनी पुसले जातात. 15 सेकंदांच्या फेरीने एका मालिकेचे, म्हणजे एका मापाच्या सलग नमुन्यांच्या ओळीचे, दिवसाला 5,760 नमुने होतात. दाबून साठवल्यावर एका नमुन्याला साधारण 1 ते 2 बाइट लागतात.

जोडणी : ग्राफाना 3000 क्रमांकाच्या पोर्टवर, तर प्रोमिथियस 9090 वर चालते. ग्राफानाच्या डेटा सोर्स यादीतून प्रोमिथियस निवडावे, तिचा पत्ता द्यावा आणि ‘सेव्ह अँड टेस्ट’ दाबावे. बहुतेकांची पहिली ठेच इथे लागते. पत्त्यात ‘लोकलहोस्ट’ लिहिले जाते, प्रोमिथियस ब्राउझरमध्ये नीट उघडतेही, पण ग्राफाना मात्र जोडणी नाकारल्याचे सांगते. कारण क्वेरी पाठवण्याचे काम ब्राउझर करत नाही, ग्राफानाचा सर्व्हर करतो. तो डॉकरच्या कंटेनरमध्ये असेल तर त्याच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे तोच कंटेनर, आणि तिथे 9090 वर कोणीच ऐकत नसते. दोन्ही कंटेनर एका नेटवर्कवर ठेवून पत्त्यात प्रोमिथियसच्या सेवेचे नाव लिहिले की अडचण सुटते.

एकदा चालवून पाहण्यासाठी हाताने केलेली जोडणी पुरते. कायमच्या कामासाठी ती फाइलमध्ये लिहावी. 2018 च्या ग्राफाना 5.0 पासून डेटा सोर्स आणि डॅशबोर्ड यॅमल फाइलींतून उभे करता येतात. ग्राफाना सुरू होताना त्या वाचते. या फाइलीत डेटा सोर्सचा युआयडी आपण स्वतः ठरवून द्यावा. डॅशबोर्डमधील पॅनेल डेटा सोर्सला या ओळखीनेच हाक मारतात. ती आपोआप तयार होऊ दिली तर चाचणीच्या ग्राफानातला डॅशबोर्ड खऱ्या कामाच्या ग्राफानात नेल्यावर सगळी पॅनेल ‘डेटा सोर्स सापडला नाही’ म्हणून रिकामी राहतात.

कालावधींचा मेळ : प्रोमिथियसची बहुतेक उपयुक्त मापे काउंटर प्रकारची असतात: आलेल्या विनंत्या, झालेल्या चुका, पाठवलेले बाइट. काउंटर घरच्या विजेच्या मीटरसारखा फक्त चढत जातो. त्यावरचा आकडा स्वतः फारसे काही सांगत नाही, दोन वाचनांतला फरक सांगतो. हा फरक सेकंदाच्या हिशेबात काढण्याचे काम प्रॉमक्यूएल या क्वेरीभाषेतील ‘रेट’ हे फंक्शन करते. सेवा पुन्हा सुरू होऊन काउंटर शून्यावर आला तर तेही ते ओळखते. म्हणूनच आधी प्रत्येक मालिकेचा रेट काढावा आणि मग बेरीज करावी. आधी बेरीज केली तर एका सर्व्हरचे शून्यावर येणे एकूण आकड्यात मिसळून जाते आणि आलेखावर नसलेला उंच सुळका दिसतो.

रेटला मागे किती वेळ पाहायचे ते सांगावे लागते आणि त्या खिडकीत किमान दोन नमुने लागतात. आता ग्राफानाची बाजू पाहू. पॅनेलच्या रुंदीनुसार आणि निवडलेल्या काळानुसार ग्राफाना दोन बिंदूंतले अंतर ठरवते. हजार बिंदूंच्या रुंदीत सहा तास दाखवायचे तर बिंदू सुमारे 22 सेकंदांच्या अंतराने येतात. तीस दिवस दाखवायचे तर ते अंतर सुमारे 43 मिनिटे होते. क्वेरीत खिडकी पाच मिनिटांची ठोकून बसवली असेल, तर तीस दिवसांच्या आलेखात प्रत्येक 43 मिनिटांपैकी फक्त पाच मिनिटे पाहिली जातात. मधल्या 38 मिनिटांत सेवा कोसळून उठली तरी रेषा सपाट राहू शकते. आलेख चुकीचा असल्याची कोणतीही खूण पडद्यावर नसते. या जोडणीतील ही सर्वांत घातक चूक आहे, कारण महिनाभराचा आलेख पाहूनच ‘सगळे सुरळीत होते’ असे अहवाल लिहिले जातात.

ग्राफाना 7.2 मध्ये, 2020 साली, यावर ‘रेट इंटरव्हल’ हे चल आले. खिडकी म्हणून ते वापरले की बिंदूंतले अंतर वाढेल तशी खिडकीही वाढते, आणि स्क्रेपच्या कालावधीच्या चौपटीपेक्षा ती कधीही लहान होत नाही. पण स्क्रेपचा कालावधी ग्राफानाला आपोआप कळत नाही. डेटा सोर्सच्या सेटिंगमध्ये लिहिला नाही तर ग्राफाना 15 सेकंद धरून चालते. समजा प्रोमिथियस मिनिटाला एकदा फेरी मारते आहे आणि ग्राफानात काही लिहिलेले नाही. मग छोट्या काळाच्या आलेखात खिडकी येते 60 सेकंदांची, तिच्यात बहुधा एकच नमुना सापडतो, रेट काढता येत नाही आणि पॅनेल कोरे राहते. तीच क्वेरी लांबच्या काळासाठी मात्र व्यवस्थित चालते. या विसंगतीने भले भले चक्रावतात आणि क्वेरीत दोष शोधत बसतात. दुरुस्ती डेटा सोर्सच्या एका रकान्यात असते. प्रोमिथियसच्या कॉन्फिगमधला कालावधी आणि ग्राफानाच्या डेटा सोर्समधला कालावधी सारखाच असला पाहिजे.

प्रतिसादाचा वेळ : सरासरी प्रतिसादवेळ दाखवणारे पॅनेल जवळजवळ प्रत्येक नव्या डॅशबोर्डवर असते आणि ते फारसे उपयोगाचे नसते. शंभरात पाच ग्राहकांना दहा सेकंद थांबावे लागले तरी बाकीच्यांच्या वेगात ते झाकले जाते. त्यासाठी हिस्टोग्राम वापरतात. ठरावीक सीमांच्या आत किती विनंत्या पूर्ण झाल्या ते यात प्रत्येक सीमेच्या खणात मोजले जाते आणि त्यावरून 95 वा किंवा 99 वा शततमक काढतात. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रत्येक सर्व्हरचे शततमक काढून त्यांची सरासरी घेणे गणिताने चूक आहे. आधी सर्व सर्व्हरच्या खणांची बेरीज करून मग एकदाच शततमक काढावे. दुसरे, सीमा आपल्या सेवेला साजेशा असाव्यात. सवयीने येणाऱ्या सीमा 5 मिलिसेकंदांपासून 10 सेकंदांपर्यंत असतात. एखादे काम 30 सेकंद घेत असेल तर आलेख 10 सेकंदांवरच अडकून राहतो आणि खरा वेळ कळत नाही.

लेबलांची वाढ : प्रत्येक मापाला लेबले लावता येतात आणि लेबलांच्या किमतींचा प्रत्येक वेगळा मेळ ही एक स्वतंत्र मालिका ठरते. 20 सर्व्हर, 50 मार्ग, 4 प्रकारच्या विनंत्या आणि 6 प्रतिसाद-कोड असे सगळे मेळ प्रत्यक्षात आले तर एका काउंटरच्या 24,000 मालिका होतात. त्याच लेबलांचा 11 सीमांचा हिस्टोग्राम घेतला तर प्रत्येक मेळाला 14 मालिका लागतात, म्हणजे एकूण 3,36,000. ग्राहकाचा क्रमांक किंवा ईमेल लेबलात घालणे सर्वस्वी टाळावे. त्याने मालिकांची संख्या अमर्याद होते, प्रोमिथियसची मेमरी संपते आणि देखरेख नेमकी गरजेच्या वेळी बंद पडते. शिवाय लोकांची खासगी माहिती डॅशबोर्ड पाहणाऱ्या प्रत्येकासमोर उघडी होते.

वेळ आणि खंड : साठवणीत वेळ यूटीसीत असतो, ग्राफाना तो पाहणाऱ्याच्या ब्राउझरच्या वेळेत दाखवते. पुण्यातील आणि बर्लिनमधील सहकारी एकाच बिघाडाबद्दल बोलताना वेगवेगळ्या वेळा सांगतात त्याचे कारण हेच. दोन देशांत विभागलेल्या टीमने डॅशबोर्डचा टाइमझोन एकच ठरवून टाकावा. मापे येणे थांबले की रेषा तुटते, आणि ती तुटलेलीच दिसली पाहिजे. रिकाम्या जागा जोडून रेषा अखंड करण्याची सोय ग्राफानात आहे, पण देखरेखीच्या आलेखात ती वापरणे म्हणजे बिघाडाचा पुरावा पुसणे होय.

सुरक्षितता : प्रोमिथियसच्या वेब पानाला मुळात पासवर्ड नसतो. 2021 च्या 2.24 आवृत्तीपासून टीएलएस आणि साधा पासवर्ड लावण्याची सोय आहे, ती आपण चालू करावी लागते. ग्राफानाचे सुरुवातीचे नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’ असतात. पहिल्याच वेळी ते बदलावेत. डिसेंबर 2021 मध्ये ग्राफानाच्या 8.0 ते 8.3 या आवृत्त्यांत एक गंभीर त्रुटी उघड झाली: लॉगिन न करता सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या. 8.3.1 आणि तिच्यासोबत आलेल्या दुरुस्त आवृत्त्यांनी ती बंद केली. ज्या साधनाकडे सर्व डेटा सोर्सचे पत्ते आणि पासवर्ड असतात, ते थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये.

विस्तार : 15 दिवसांहून जुनी मापे किंवा अनेक प्रोमिथियस एकत्र पाहायचे असतील तर थॅनोस, कॉर्टेक्स आणि 2022 मध्ये आलेले मिमिर ही साधने वापरली जातात. तिन्ही प्रोमिथियसच्याच क्वेरीभाषेत उत्तर देतात, म्हणून ग्राफानात त्यांची जोडणी प्रोमिथियस प्रकारचा डेटा सोर्स निवडूनच होते. वर सांगितलेले कालावधींचे नियम तिथेही लागू आहेत.

नवा डॅशबोर्ड टीमच्या हाती देण्यापूर्वी चाचणीच्या वातावरणात एक सेवा मुद्दाम बंद करावी. ‘अप’ शून्यावर येते का, रेषा तुटते का, आणि तीस दिवसांचा काळ निवडल्यावर तो बिघाड शोधता येतो का, हे स्वतः तपासावे. तिन्ही उत्तरे ‘हो’ आली तरच त्या डॅशबोर्डवर विसंबावे.