अकरा ते पाच

मुलींच्या शिक्षणाची गोष्ट आपण १८४८ सालच्या भिडेवाड्यापासून सांगतो. जोतीराव, सावित्रीबाई, त्यांच्या सहकारी फातिमा शेख. ते योग्यच आहे. पण शाळा उघडणं वेगळं आणि त्या शाळेत दिवसभर बसायला मिळणं वेगळं. आज मी बोलणार आहे ते या बसायला मिळण्याविषयी.

१८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर प्रभृतींच्या पुढाकारानं पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं. तीच आपली हुजूरपागा. शाळेची वेळ अकरा ते पाच. अभ्यासक्रमावर वादळ उठलं, हे पुष्कळांना माहीत असतं. वाद वेळेवरूनही झाला, हे फारसं सांगितलं जात नाही. टिळकांच्या ‘मराठा’ पत्राचं म्हणणं असं, की मुलींना रोजची तीन तासांची शाळा पुरे. बाकीच्या वेळात त्यांनी घरकामाला लागावं. मला हे पटत नाही. मात्र आक्षेप घेणाऱ्यांना घर नेमकं ठाऊक होतं. अकरा ते पाच या वेळात धुणं असतं, निवडणं-टिपणं असतं, दळण असतं, पाळण्याची दोरी असते. ही कामं मुलग्याच्या वाटेची नव्हती, म्हणून त्याच्या शाळेच्या वेळेची चर्चा झाली नाही.

पुढं सक्तीच्या शिक्षणाचे कायदे आले. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर सक्ती केली. मुलींनाही केली, हे मोठंच धाडस. तरी मुलग्यांना बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींना दहाव्यापर्यंत. दहा वर्षांची मुलगी म्हणजे भरली कळशी उचलू शकणारी मुलगी! गोखल्यांच्या १९११ च्या विधेयकात सक्ती आधी मुलग्यांनाच होती, मुलींचं पुढं पाहायचं होतं. तेही विधेयक १९१२ मध्ये फेटाळलं गेलं.

माझ्या अम्मीची शाळा पन्नासच्या दशकात चौथीत सुटली. कुणी तिला शाळेत जाऊ नको म्हटलं नव्हतं. मामू झाले, नानी मजुरीला जायची, आणि अम्मीच्या कडेवर मामू आले, एवढंच. शाळेच्या दाखल्यावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा आहे. मामू पुढं शिकून मास्तर झाले. अम्मी आजही त्यांचं अक्षर कौतुकानं दाखवते.

त्याच सुमाराला तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ याच कडेवरच्या मुलाचा विचार करत होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये कोसबाडला नेलं. आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत येईनात, कारण धाकटी भावंडं त्यांच्याकडे. या बाईंनी पालकांना उपदेश करण्याऐवजी शाळेला जोडूनच पाळणाघर आणि बालवाडी काढली. ताईनं भावाला घेऊनच यावं, तो पाळण्यात, ती वर्गात. मुलगे गुरं राखायला रानात जायचे, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शिक्षकच गुरांमागे गेला. आपल्या शैक्षणिक इतिहासात मला याहून शहाणी युक्ती दिसत नाही. मुलाचं काम आणि मुलीचं काम वेगळं आहे, म्हणून शाळाही दोघांसाठी वेगवेगळी वाकवावी लागते, हे त्यांनी ओळखलं. पिठाची गिरणी आणि दारातला नळ यांनीही पुष्कळ मुलींना शिकवलं असेल, पण त्यांचे पुतळे कोण उभारणार?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या सगळ्यांना, मुलगा-मुलगी भेद न करता, हक्क दिला. बडोद्याचा तो दोन वर्षांचा फरक कागदावरून गेला. २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा अधिक कडक झाला. मात्र शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला मदत करण्याची मुभा त्यात आहे. ही मदत कोण करतं, किती वेळ करतं, हे कायदा विचारत नाही.

सरकारच्या वेळ-वापर पाहणीत ते विचारलं जातं. २०२४ च्या पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. या पाहणीत सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांची नोंद होते, म्हणजे पहिलीतल्या मुलीचीही.