निघोजचे रांजणखळगे : नदीने कातळात एवढे खोल खड्डे पाडले कसे?

काळा कातळ, त्यात एकमेकांना चिकटून असलेले गोल, खोल खड्डे आणि तळाशी हिरवट पाणी. कुकडी नदीच्या पात्रातली ही दृश्यं तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्की पाहिली असतील. खाली कमेंटमध्ये कुणी म्हणतं 'उल्का पडली होती', कुणी म्हणतं 'हे माणसानेच कोरलंय'. खरं तर दोन्ही चूक. लोणारचं सरोवर उल्केमुळे तयार झालं, पण निघोजचे खळगे तयार केलेत पाण्याने आणि साध्या दगडगोट्यांनी.

हे ठिकाण नेमकं कुठे आहे?

निघोज हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातलं गाव. गावापासून तीनेक किलोमीटरवर कुकडी नदी आहे. पलीकडचा काठ पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याचा, टाकळी हाजी गावाचा. पुण्याहून जायचं तर नगर रस्त्याने शिरूर गाठायचं आणि तिथून टाकळी हाजीच्या दिशेने वळायचं. गाडी मळगंगा देवीच्या मंदिराजवळ लावली की काही मिनिटं चालून तुम्ही खळग्यांपाशी पोहोचता. ट्रेक वगैरे काही नाही. स्थानिक लोक या जागेला 'कुंड' म्हणतात.

खळगे तयार कसे झाले?

इथला खडक बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांमधून आलेला लाव्हा थंड होऊन तो बनला. लाव्हा थंड होताना त्यात भेगा पडतात, वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. म्हणजे खडक कितीही कठीण असला तरी त्यात कच्च्या जागा असतातच.

पुराचं पाणी जोरात आलं की अशा जागी भोवरा तयार होतो. पाण्यासोबत आलेले दगडगोटे आणि वाळू त्या भोवऱ्यात सापडतात आणि गोल गोल फिरत राहतात. जात्यात धान्य भरडलं जातं ना, तसा इथे खडकच घासला जातो. छोटा खड्डा मोठा झाला की त्यात आणखी मोठे गोटे अडकतात आणि घासण्याचा वेग वाढतो. हजारो वर्षं हेच चालू राहिलं आणि खड्ड्यांना रांजणाचा आकार आला. म्हणून नाव पडलं रांजणखळगे. काही ठिकाणी दोन खळग्यांमधली भिंतच झिजून गेली आणि ते एकमेकांना जोडले गेले.

खळग्याच्या तळाशी गुळगुळीत गोटे दिसले तर ते नीट बघा. खळगा कोरणारी हत्यारं तीच. आठवण म्हणून ती खिशात घालून नेऊ नका.

असे खळगे फक्त इथेच आहेत का?

नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लाइड नदीवरचे 'बोर्क्स लक पॉटहोल्स' प्रसिद्ध आहेत. पण आपल्याकडे एवढे मोठे, इतक्या दाटीने असलेले आणि इतक्या सहज बघता येणारे खळगे म्हटलं की निघोजचंच नाव आधी येतं.

जाताना काळजी काय घ्यायची?

या जागेचं सौंदर्य आणि धोका एकाच गोष्टीत आहे, ते म्हणजे गुळगुळीत कातळ. पाण्याने घासून खळग्यांच्या भिंती इतक्या तुळतुळीत झाल्यात, की आत पडलेल्या माणसाला धरायला काहीच सापडत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणं अवघड. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याची खोलीही कळत नाही. त्यामुळे पोहायला उतरू नका आणि सेल्फीसाठी काठावर उभं राहू नका. लहान मुलांचा हात सोडू नका.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. कुकडी जुन्नर तालुक्यात, सह्याद्रीत उगम पावते आणि तिच्यावर वरच्या बाजूला माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. म्हणजे निघोजला ऊन पडलेलं असलं तरी वरच्या पावसाने किंवा धरणाच्या विसर्गाने पाणी वाढू शकतं. पावसाळ्यात पात्रात न उतरता लांबूनच बघा. खळगे नीट दिसतात ते पाणी ओसरल्यावर, साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. पण उन्हाळ्यात दुपारी कातळ प्रचंड तापतो, त्यामुळे सकाळी लवकर गेलेलं बरं. चांगली पकड असलेले बूट घाला.

प्लास्टिकच्या बाटल्या मात्र सोबत परत आणा. खळग्यात पडलेली बाटली काढायला कुणी उतरू शकत नाही. आणि नदीचं काम अजून संपलेलं नाही. पुढच्या पुरात ते गोटे पुन्हा फिरायला लागतील.