सायकलचा डायनामो आणि एकेरी वायर

सायकलस्वाराला पूर्वी दोन गोष्टींवरून अडवले जाई: बिल्ला नसला तर आणि अंधारात दिवा नसला तर. बिल्ला नगरपालिकेचा, सायकलकर भरल्याची पत्र्याची पावतीच. बिल्ला वर्षातून एकदा घेतला की भागे. दिव्याची कटकट मात्र रोजची.

आधी रॉकेलचे कंदील आले, मग कार्बाइडचे. कार्बाइडवर पाणी ठिबकले की गॅस तयार होई आणि तो जळे. उजेड चांगला पडे, पण चुन्याचा गाळ काढत बसावे लागे. बॉश कंपनीने १९२३ मध्ये सायकलसाठी डायनामोचे दिवे बाजारात आणले. तेल नको, काडी नको. फिरकी टायरला टेकवायची आणि पायडल मारायचे. पायडल जड होई, ही तक्रार खरी होती.

डायनामोत लोहचुंबक फिरतो आणि भोवतालच्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. सहा व्होल्ट, तीन वॅट हे रूढ माप. बहुतेक सायकलींना दिव्यापर्यंत एकच वायर असे. परतीची वाट सायकलच्या सांगाड्यातून. या काटकसरीत अर्धी वायर वाचली आणि दुरुस्तीची निम्मी कामे जन्माला आली. सांगाड्यावर रंग असतो आणि रंगातून वीज जात नाही. म्हणून डायनामोच्या क्लॅम्पला टोकदार स्क्रू असे. तो रंग फोडून लोखंडात रुतला पाहिजे. पावसाळ्यात तिथे गंज धरला की दिवा मिणमिणे, आणि मालक मात्र नवा बल्ब मागे.

जाणता कारागीर बल्बपाशी थांबत नसे. बल्ब टॉर्चच्या सेलवर लावून बघायचा. तार लाल झाली की बल्ब शाबूत. मग वायरचा एक तुकडा डायनामोच्या अंगाला आणि दिव्याच्या पत्र्याला टेकवून चाक फिरवायचे. आता उजेड पडला तर दोष अर्थिंगचा: पॉलिश पेपरने घासा, स्क्रू आवळा. तरीही अंधारच असला, तर हँडल वळते तिथे वायर चिमटली आहे का, हे बोटांनी चाचपायचे. आवरण सोलून तांबे सांगाड्याला लागले असेल, तर वीज दिव्यापर्यंत पोचतच नाही. वायर काढून डायनामोच्या खुंटीला थेट बल्ब जोडला की तंटा मिटे: इथे पेटला तर डायनामो निर्दोष.

एक खोड वेगळीच होती. पुढचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याची वीज मागच्या इवल्याशा लाल बल्बवर येई आणि उतारावर तोही जाई. दोन्ही बल्ब एकदम गेले म्हणून डायनामोलाच दोष देणारे गिऱ्हाईक प्रत्येक दुकानात येई.

पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लूना आणली आणि सायकलवाले हळूहळू मोपेडकडे वळले. लूनाचा दिवाही इंजिनाच्या मॅग्नेटोवर चाले आणि परतीची वीज सांगाड्यातूनच जाई, त्यामुळे मोपेड दुरुस्त करणाऱ्यालाही आधी अर्थिंगच तपासावे लागे.